मिस क्रोकर आभाळात

९ मार्च, रविवार

केटल जळाली. पडदाही थोडा. फार नाही — खालची झालर तेवढी.

मी बैठकीत होतो. शाळेतली वादळात सापडलेल्या गलबताची कविता पुस्तक न उघडता म्हणता येते का, हे पडताळून पाहत होतो. सगळं आठवलं! कप्तान होकायंत्र समुद्रात भिरकावतो त्या कडव्याला नाकात धूर शिरला. मला वाटलं — वा! काय रंग भरलाय आज!

जोलीनला सांगायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी तिचा फोन आला आणि पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा झालो.

"बाबा, बस झालं आता. माझ्याकडे ओमाहाला या. खोली रिकामीच आहे."

पोरीचा जन्म विमा कंपनीत गेला. तिला जिना दिसत नाही, जिन्यावरून पडलेला म्हातारा दिसतो. म्हटलं, "मला काही झालेलं नाही. हात चालतात. डोकं चालतं."

"कशावरून?"

आणि माझ्या तोंडून निसटलं — "रॉकेट बनवून दाखवतो! मोठं!"

हे कुठून आलं, देव जाणे. बायको, लुएला, असती तर म्हणाली असती, आधी नवी केटल आणा.

११ मार्च, मंगळवार

जोलीन विसरलेली नाही. विमावाले विसरत नाहीत.

"ऐका. रॉकेट एकट्याने बनवायचं. एल्डनकाकांनी हात लावायचा नाही. उडवायचं, आणि ते अख्खं परत आलं पाहिजे. आलं, तर ओमाहाचं नाव मी पुन्हा काढणार नाही. तुम्ही राहा तिथे खुशाल, कॅन्ससचा वारा खात. नाही आलं, तर घर विकायचं आणि इकडे यायचं. कबूल?"

"कबूल!"

फोन ठेवला आणि खुर्ची गाठली. पैज मारताना तरुण असतो मी. फोन ठेवल्यावर पुन्हा म्हातारा.

लुएला होती तेव्हा मी पुठ्ठ्याची रॉकेटं उडवायचो. रॉकेट क्लबाची पहिली पायरी — तिथे परवाने पायऱ्यांनी मिळतात — तेव्हाच चढलो. दुसरी पायरी म्हणजे मोठी मोटर, लेखी परीक्षा, आणि रॉकेट स्वतःच्या हातचं — दुसऱ्याचं बोट लागलं की बाद. शिवाय उडालेलं रॉकेट परत आणून परीक्षकापुढे टेबलावर ठेवायचं. म्हणजे क्लबाची अट आणि जोलीनची अट एकच. बाई क्लबात असती तर एव्हाना अध्यक्ष झाली असती.

१५ मार्च, शनिवार

एल्डन पेनरकडे कॉफीला. जन्मभर हायस्कुलात बँड शिकवला, आता क्लबाचा परीक्षक. अजूनही बोलताना टेबलावर ताल धरतो.

"पुठ्ठा नको," म्हणाला. "दवाने फुगतो. आदळला की मुडपतो. फायबरग्लासचं घे. जड असतं, पण गाय उभी राहिली तरी चेपायचं नाही."

"गाय कशाला उभी राहील?"

"तुझं रॉकेट आहे म्हणून म्हणतो."

मग त्याने मला एक आखूड, जाडजूड रॉकेट दाखवलं. चार पंख. पिंपाला नाक फुटलं तर कसं दिसेल, तसं. "हे घे. दिसायला डुक्कर आहे, पण सरळ जातं, फार उंच जात नाही, डोळ्यांपुढे उतरतं. तुला दुसरं काय पाहिजे?"

काहीच नको. शहाणा माणूस आहे एल्डन. पिंपच घ्यायचं.

१८ मार्च, मंगळवार

पिंप घेतलं नाही.

दोष माझा नाही! कॅटलॉगमध्ये पुढच्याच पानावर ती होती. उंच, सडपातळ, मान ताठ, डोकं निमुळतं. पाहिल्याबरोबर मिस ओटिली क्रोकर आठवल्या. एका खोलीची शाळा, लोखंडी शेगडी, आणि खिडकीपाशी त्या अशाच उभ्या असायच्या — हातात खडू, नजर गव्हाच्या पार. आवाज कधी चढवला नाही. त्यांनी आमच्याकडून इतक्या कविता पाठ करून घेतल्या की गणिताला डोक्यात जागा उरली नाही.

रॉकेटचं नाव ठरलं. मिस क्रोकर. बाई जन्मात गावाबाहेर गेल्या नाहीत, आता जातील.

एल्डनला फोन केला. बराच वेळ नुसता ताल ऐकू आला. मग म्हणाला, "अर्विन, ही उंच जाते. फार उंच. उतरताना दोन छत्र्या लागतात. यंत्र लागतं. तुला ते झेपेल?"

"डाकेच्या गाडीत आयुष्य काढलंय मी. प्रत्येकाचं पत्र प्रत्येकाच्या पेटीत टाकलंय."

"माझी पत्रं शेजारी पडायची."

५ एप्रिल, शनिवार

खोकं आलं. नळ्या हिरवट, गार, चकचकीत. बोटाने वाजवलं तर खणखणतात. पंख असे की सुरीऐवजी वापरावेत.

माहितीचा कागद एकच. त्यावर एक चित्र, आणि खाली मजकुराचा सूर असा की — हे विकत घेताय म्हणजे बाकी सगळं तुम्हाला ठाऊक असणारच.

मला काही ठाऊक नाही. नळीला कान लावून बसलो. समुद्रासारखा आवाज येतो. एक तास गेला.

१२ एप्रिल, शनिवार

फायबरग्लास नुसतं चिकटवून चालत नाही. आधी धुवायचं, मग चिकटवायच्या जागी पॉलिश पेपरने घासून खरबरीत करायचं, तेव्हा कुठे एपॉक्सी, म्हणजे दोन भागांचा गोंद, धरतं. एल्डनने बजावलं होतं — तोंडाला मास्क, हातात मोजे, पूर्ण बाह्या, आणि पाणी लावून घास. मास्क लावला. मोजे घातले. पाणी घेतलं.

बाह्या मात्र दुमडल्या. उकडत होतं!

१३ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये प्रवचनभर खाजवत होतो. दिसत नाहीत, पण काचेची कुसं कातडीत शिरलीत. मागच्या बाकावरची म्हातारी हळूच म्हणाली, "अर्विन, कुत्रा पाळलायस का?"

सामुदायिक जेवणात माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. कोबी-मटणाचे गरम बन मात्र सगळे माझ्या वाट्याला आले. तोटा तसा काही नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

एपॉक्सी कालवलं. कपात दोन भाग एकत्र करायचे, ढवळायचं आणि लगेच लावायचं. ढवळता ढवळता ताल सापडला. तालाबरोबर निरोप घेऊन दौडणाऱ्या घोडेस्वाराची कविता आली. ती लांब आहे, पण अर्ध्यावर टाकवत नाही — निरोप पोचायचा असतो!

निरोप पोचला. तोवर कपातून वाफा निघत होत्या आणि काडी उभीच्या उभी रुतलेली. उपसायला गेलो, तर कपासकट वर.

नवा नियम : एपॉक्सीबरोबर चार ओळींहून लांब कविता नाही.

१० मे, शनिवार

तीन पंख बसले. चौथा वाकडा. मी टेबल तपासलं, टेबल वाकडं आहे. नाचता येईना, अंगण वाकडं — पण खरंच वाकडं आहे!

एल्डन बघायला आला. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा, दागिन्यांच्या दुकानातल्या पोरासारखा. बोटं मात्र मागे वळवळत होती.

"जरा डावीकडे."

"सांगितलेलं चालतं?"

"सांगितलेलं चालतं. लावलेला हात चालत नाही. जरा डावीकडे, अर्विन! ते तुझं उजवं."

एपॉक्सी ओलं होतं म्हणून निभावलं. पंखांच्या कडेने ओली पट्टी ओढून बोटाने गोलाई दिली. शेवटची गोलाई अशी आली की मीच बघत राहिलो. माझी बोटं कापतात, पण एपॉक्सीला ते कळलं नाही.

११ मे, रविवार

जोलीनचा फोन. मदर्स डे. तिच्या मुलाने कॉलेजातून फुलं पाठवली. "छान आहेत," म्हणाली. मग बराच वेळ माझ्या पंखांबद्दल विचारत बसली. एरवी तिला पंखांत काडीचा रस नाही. तिचा नवरा रिक सोडून गेल्यापासून तिचे फोन लांबलेत. मोठं घर आहे तिचं. इतकं कशाला ठेवायचं माणसाने?

(हे मी लिहितोय! माझं घर काय लहान आहे?)

१९ जून, गुरुवार

गव्हाची कापणी सुरू. हवेत भुसा. रस्त्याने ट्रकांची रांग.

मिस क्रोकरचा तोल पाहिला. दोरीत आडवी टांगायची. जिथे तोल सांभाळते ती जागा पंखांकडे जास्त सरकलेली नको. सरकलेली निघाली. पंखांच्या कडेने मी जे प्रेमाने एपॉक्सी ओतलं, ते शेपटीकडे जड झालं. मग नाकाच्या टोकात शिशाचे छर्रे ओतले. थोडे जास्तच. आता शेंडा खाली झुकतो. नाकापेक्षा मोती जड.

एल्डन म्हणाला, "चालेल. सरळ जाईल. बाई जरा गंभीर झाल्या, एवढंच."

१२ जुलै, शनिवार

महत्त्वाचं काम झालं — यंत्राचा डबा.

रॉकेट टोकाला पोचलं की यंत्राला कळतं. ते पहिली दारू उडवतं, आणि लहान छत्री निघते. ती लहान असल्यामुळे रॉकेट भरभर खाली येतं, वाऱ्यात वाहून जात नाही. जमिनीजवळ आली की दुसरी दारू, मोठी छत्री, आणि अलगद उतरायचं. मोठी वरच उघडली तर संपलं! आमच्याकडे वारा म्हणजे घरातलंच माणूस, कधी नसतो असं होत नाही.

दोन छत्र्या, दोन वायरींच्या जोड्या. बाकीचे लोक लाल-निळी टेप लावतात. मला ते रुक्ष वाटलं. मी चिठ्ठ्या चिकटवल्या. लहान छत्रीच्या वायरीवर लिहिलं — संध्याकाळ. कारण टोकाला पोचलं की दिवस कलतो, उतरण सुरू होते. मोठीच्या वायरीवर — सकाळ. कारण ती उघडली की पाय जमिनीला लागतो, जाग येते.

एल्डनला फोनवर वाचून दाखवलं.

"लहान आणि मोठी असं लिही ना, माणसासारखं."

"लहान आणि मोठी कुणीही लिहील!"

"त्यासाठीच."

मत्सर, दुसरं काय! बँडवाल्यांना शब्दांचं वावडं असतं.

१९ जुलै, शनिवार

अंगणात दारूची चाचणी. मोटर नाही, फक्त छत्री बाहेर निघते का ते बघायचं. लांब उभा राहून बटण दाबलं. धडाम्! नाक सुटलं, दोरीने लटकलं, छत्री शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींत. शेजारीण दारात.

"मि. श्राग, हे जोलीनला माहीत आहे का?"

गावातल्या सगळ्यांकडे जोलीनचा नंबर आहे, असं दिसतं.

९ ऑगस्ट, शनिवार

रंग. एल्डनने सांगितलं होतं, भडक गुलाबी दे. शेतात पडली तर दिसली पाहिजे.

मिस क्रोकर आणि गुलाबी! मी पिकल्या ज्वारीचा लाल-तपकिरी दिला. सप्टेंबरात उन्हं कलल्यावर ज्वारीचं रान जसं दिसतं, तसा. आमच्या शाळेच्या खिडकीतून तेच दिसायचं. मोठी छत्रीही त्याच रंगाची मागवली. शोभा म्हणून.

दोन ओळीही सुचल्या :

*कणसांचा रंग ल्याली, मान ताठ, नजर दूर,
फळ्याशी जी उभी होती, तिला आज आभाळ पूर.*

'पूर' जमत नाही. तेवढ्यासाठी आभाळ सोडायचं का? ठेवतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

लेखी परीक्षा पास! एक प्रश्न चुकला. वाऱ्याबद्दलचा.

६ सप्टेंबर, शनिवार

आता लिहितोय ते टेबलाशी बसून, पाय गरम पाण्यात घालून. क्रमाने लिहितो, नाहीतर आधी रडगाणं येईल.

जोलीन काल रात्रीच आली. सकाळी तिने दालचिनीचे रोल भाजले, मोठं भांडंभर चिली — मटण-राजम्याचा तिखट रस्सा — केली आणि सगळं मैदानावर नेलं. मैदान म्हणजे कापलेल्या गव्हाचं रान, नुसती धसकटं. उत्तरेला लव्हर्न उन्रूहची ज्वारी, छातीएवढी, कणसं लाल. दक्षिणेचा वारा.

तयारी मीच करायची, पण यादी दुसऱ्याने वाचलेली चालते. जोलीनने यादी घेतली. विमावाल्या बाईच्या हातात यादी! चेहरा उजळला तिचा.

"छत्र्यांच्या दोऱ्या बांधल्या?"

"बांधल्या."

"ओढून बघा."

"बघितल्या."

"माझ्यासमोर बघा, बाबा."

मग वायरी. यंत्राला दोन जागा — 'पहिली' आणि 'दुसरी'. एल्डन शेजारी, हात पाठीमागे, तोंड वाकडं करून आभाळाकडे बघत. त्याला बघवत नव्हतं. वायर भोकात जाईना. जोलीनचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला.

तिने विचारलं, "पहिलीत काय जाणार? सकाळ की संध्याकाळ?"

आणि मी — मी! — हसलो. "अगं, आधी सकाळ होते की संध्याकाळ? शाळेत शिकवलं नाही का?"

"सकाळ," म्हणाली आणि खूण केली.

वायर गेली. केवढा आनंद झाला मला!

भोंग्यावरून पुकारलं — अर्विन श्राग, दुसऱ्या पायरीचा प्रयत्न, रॉकेटचं नाव मिस क्रोकर. कुणी पायरी चढत असेल तर सगळे खाणं थांबवून उभे राहतात, तशी रीत आहे. तर सगळे उभे, हातात चिलीचे वाडगे. मी टोपी काढली. का, ते माहीत नाही.

गेली! धूर मागे, ती पुढे, सरळ, अगदी सरळ. आवाज नंतर आला. जोलीनने माझा दंड धरला होता. निळ्यात एक ठिपका राहिला, मग तोही नाही.

मग वर, फार वर, काहीतरी उमललं. सुंदर दिसत होतं. मी म्हटलं, "बघ! लहान छत्री!"

एल्डन म्हणाला, "अर्विन. ती मोठी आहे."

सकाळ आधी होते. शाळकरी पोरालाही कळतं.

मोठी छत्री आणि दक्षिणेचा वारा. मिस क्रोकर डुलत डुलत, काही घाई नसल्यासारख्या, लव्हर्नच्या ज्वारीवरून उत्तरेला गेल्या. मग दुर्बीणवाला म्हणाला, "गेली कणसांत."

लव्हर्नने रान तुडवायला परवानगी दिली. "ताटं मोडू नका म्हणजे झालं," म्हणाला. मी आणि जोलीन ओळींमधून निघालो. आता सांगतो, ज्वारीत ज्वारीच्या रंगाचं रॉकेट शोधणं म्हणजे काय! प्रत्येक कणीस मिस क्रोकर. यंत्र पडल्यावर टिटिट् वाजत राहतं, त्यावर भिस्त होती. पण रातकिडेही तेच वाजवतात. एका रातकिड्यामागे आम्ही अर्धं शेत गेलो.

जोलीन चिडेल असं वाटलं होतं. ती हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळी. "बाबा, ज्वारीचा रंग! ज्वारीचा!" बूट काढून हातात घेतले. लहानपणी डाकेच्या गाडीत माझ्याशेजारी बसायची तेव्हा अशी हसायची, माझ्या हातून कुणाचं पत्र चिखलात पडलं की. खिशात एक रोल होता, तो अर्धा अर्धा खाल्ला. धुळीसकट.

उन्हं कलली तेव्हा मी म्हटलं, "चल, तुझं बरोबर होतं. डोकं चालत नाही माझं. जिंकलीस."

ती पुढे चालत होती. मागे वळली नाही.

"तुम्हाला जमत नाही म्हणून नाही बोलावत मी."

"मग?"

"घरी गेलं की दिवा मलाच लावावा लागतो, बाबा. रोज."

ताटं सळसळत होती. मला इतक्या कविता पाठ आहेत. एकही ओळ आठवली नाही. "कणीस बघ, डोळ्यात जाईल," एवढंच म्हणालो.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर अख्खा क्लब शोधायला. नाही.

एल्डन टोपी फिरवत उभा. "नियम म्हणजे नियम, अर्विन. टेबलावर आली नाही तर पायरी नाही." मग हळू आवाजात, "पण गेली मात्र सरळ. तुझा चौथा पंख!"

जोलीन गाडीत बसताना म्हणाली, "उद्या सापडो, बर्फात सापडो, तुम्ही घर सोडायच्या आधी ती अख्खी सापडली तर शब्द माझा. तुम्ही इथेच. खरंच."

विमा कंपनीत असून असं बोलते!

१५ सप्टेंबर, सोमवार

दलाल आला. गळ्यात टाय, दातात च्युइंगम. स्वयंपाकघरातल्या पडद्याकडे बघून म्हणाला, "हा काढून टाकू." अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकली. पाटी सरळ आहे. त्याला कुणी सांगितलं नाही, डावीकडे.

मी शब्दाचा पक्का माणूस आहे. मोठा त्यागी! दिवसभर असा चेहरा घेऊन फिरलो की शेजारीण सूप घेऊन आली.

२१ सप्टेंबर, रविवार

जोलीन विचारतेय, खोलीला कोणता रंग. म्हटलं, मला विचारू नकोस, माझा रंगांचा अनुभव तुला ठाऊक आहे. हसली. आता रोज फोन करते आणि काही कामाचं बोलत नाही. काल तिने ऑफिसातल्या कुणाची तरी फजिती सांगितली. मी तिला गलबताची कविता म्हणून दाखवली. कप्तानाने होकायंत्र फेकलं तेव्हा म्हणाली, "वेडाय का हा?"

मिस क्रोकरनी हाच प्रश्न विचारायला शिकवला असता तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तकांचं कपाट तिच्या खोलीत खिडकीपाशी बसतं. तिने दोनदा मापून सांगितलं. मी इथे पुन्हा मापलं. बसतं.

मला जायचं नाहीये, हे इथे नोंदवून ठेवतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गिऱ्हाईक ठरलं. तरुण जोडपं, बाई पोटुशी. जिना बघून खूश झाली. तिला त्यात काहीच पडलेलं दिसलं नाही. सह्या विसाव्या तारखेला, सोमवारी.

संध्याकाळी ओमाहाची बातमी सांगितली एल्डनला. बराच वेळ ताल. मग, "तिथेही क्लब आहे. रान लहान आहे. या वेळेस पिंप घे."

१८ ऑक्टोबर, शनिवार

लव्हर्नचा फोन, शेतातूनच. ज्वारी कापताना मिस क्रोकर दिसल्या — ताटांच्या आधाराने उभ्या, छत्री खांद्यावर. अख्ख्या! पंखाला ओरखडा नाही. सह्या परवा आहेत, म्हणजे घर अजून माझं.

"अर्विन, जिंकलास की लेका! जोलीनला मीच कळवतो, नंबर आहे माझ्याकडे."

"खबरदार!" म्हटलं. "कोठारात टांग, अगदी आत. आणि पोरीपाशी एक शब्द काढलास तर बघ."